आमच्या शाळेच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. आता चौथीत आहे, जोडाक्षरांना घाबरत नाही. तरी कुठे गडबडली तर नेहमीसारखं थांबवा तिला. चारचौघांत लिहितेय म्हणून रागावू नका. तोंडावर आभार मानले की तुम्ही "व्हय व्हय" म्हणत पातेलं घासायला घेता, आणि तुम्ही पोरांचं वाचन ऐकता, घरोघरचे कागद आणून देता, त्या कामासाठी शाळेच्या कुठल्याच रजिस्टरला रकाना नाही. कागदावर तुम्ही 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. पट 25 च्या आत, म्हणून आमच्या शाळेला स्वयंपाकी एकच. मानधन महिन्याला 2500 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची, एवढंच त्यात येतं. मला लिहायचंय ते त्याच्या बाहेरचं आहे.

ज्यांना आमची शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाटण तालुक्यात, मोरणेच्या खोऱ्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. दोन वर्ग सरांकडे, दोन माझ्याकडे. मी कराडहून एसटीनं येते. घरी सासूबाई आणि पहिलीतली लेक. आमचे हे सोलापूर जिल्ह्यात शिक्षक. आंतरजिल्हा बदलीत अजून नंबर लागलेला नाही, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी येतात आणि रविवारी संध्याकाळी बॅग उचलतात. शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून मी अंधारातच घर सोडते. सगळे एका पंगतीला बसतो ते शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी.

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा, पाठाची तयारी धरून, किमान 45 तासांचा सांगितलाय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भर दुपारी फोनवर 'आजच पाठवा' म्हणून येणारी माहिती, यू-डायसवर शाळेची माहिती, मुलांचे अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक, चाचण्यांचे गुण ऑनलाइन भरणं, शिक्षकांची शिक्षण परिषद हे सगळं वर्ग चालू असतानाच करायचं. सरांकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाला ते गेले की चारही वर्ग एका खोलीत माझ्यासमोर. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीला गणित घालायचं, तेवढ्यात तिसरीतल्या कुणाचं तरी रडणं. अशा दिवसांत गुरुवार येईपर्यंत माझा घसा बसलेला असायचा आणि तपासायच्या वह्या तशाच राहायच्या. त्या पिशवीतून घरी. रात्री जेवणानंतर जमिनीवर वह्यांचा गठ्ठा, त्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे लेक.

"बाई, ह्या वह्या हितंच ऱ्हाऊ द्या. कुटं पळून जात्यात व्हय?" एसटीच्या वेळेला मी गठ्ठा बांधत होते तेव्हा तुम्ही म्हणालात. खरं सांगायचं तर मला ते सांगणं फुकटचं वाटलं होतं. सल्ला द्यायला काय जातं! पण तुम्ही सांगून थांबला नाहीत. दुसऱ्या दिवशी खिचडी मुरायला ठेवल्यावर वाचनात कच्ची असलेली चार पोरं तुम्ही स्वयंपाकखोलीच्या पायरीवर बोलावून घेतलीत, आणि मला म्हणालात, "तुमी तपासा तवर. मी बसते ह्यांच्यापाशी."

तुमची शाळा दुसरीत सुटली, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणून मला आधी वाटलं, मुलं तुम्हाला फसवतील. माझं लक्ष अर्धं वहीत, अर्धं पायरीकडे. एक जण वाचत होता, "आकाशात घर फिरत होती." तुम्ही पळी हातात धरूनच विचारलंत, "घर कसं फिरंल रं आकाशात? नीट बघ." त्यानं बोट ठेवून पुन्हा पाहिलं. सुटलेला काना सापडला. घार!

निपुण भारत या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या लक्ष्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत असं आहे. मी मोबाईलवर वेळ लावून शब्द मोजते. मोजावेच लागतात. घाईत शब्द मोजले जातात आणि अर्थाचं राहून जातं, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा. तुम्हाला शब्द मोजायचेच नव्हते. तुम्हाला गोष्ट ऐकायची होती, आणि गोष्ट कळेनाशी झाली की तुम्ही अडवायचात. पोरांनाही ऐकणारं माणूस मिळालं. माझ्यासमोर अडखळताना जो मुलगा मान खाली घालायचा तो तुम्हाला, "थांबा मावशी, पुढं लई भारी हाय," असं सांगायला लागला. शाळा सुटल्यावर त्यांचा जादा तास घ्यायचा माझा बेत होता. तो घ्यावाच लागला नाही. वह्या शाळेत तपासून झाल्या आणि साडेपाचची गाडी मिळायला लागली.

कागदांचं तर वेगळंच प्रकरण. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळलं नाही की त्या मुलाला पटात धरायचं की नाही इथून गोष्ट सुरू होते, आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, शिक्षकाचं पद त्या पटावर ठरतं. रजिस्टरला वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरंच, जन्मतारीख तिसरीच. बरेचसे बाप मुंबईत माथाडीत, फोन उचलतील तेव्हा खरे. आया भातलावणीला, पैऱ्यानं एकमेकींच्या शेतात. जुलैच्या पावसात कोणती आई कोणत्या खाचरात असेल हे मला कसं कळणार? तुम्हाला ठाऊक असायचं. "ती आज वरच्या आळीच्या पैऱ्यात गेलीया, दिस मावळल्याबिगर यायची न्हाई. उद्या सकाळी मीच घिऊन येते कागूद." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा उतरवायच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आधार कार्डं माझ्या टेबलावर. सही कुणाची, अंगठा कुणाचा, कोणती सून माहेरी गेलीय, सगळं तोंडी पाठ. एरवी मी घरोघर फिरत बसले असते आणि शेवटची गाडीसुद्धा चुकली असती.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी लेकीला बरोबर आणावं लागलं. घरी मुगाची खिचडी पाहिली की तोंड फिरवणारी ही पोरगी तुमच्या पंगतीत बसून दोनदा घेते! शेवग्याचा पाला तिला दिसू नये इतका बारीक चिरलेला असतो, हे मला नंतर कळलं. आता शनिवारी तिच्या शाळेला सुट्टी असली की ती आपणहून माझ्याआधी उठून बसते. घरची खिचडी 'मावशींसारखी' व्हावी म्हणून फोडणीत तुम्ही दिलेला कांदा-लसूण मसाला घालते. तरी ती होत नाही, असा तिचा निकाल आहे. तीन विटा आणि एक कढई यांची चव कुकरला कुठून यायची, असं सासूबाई म्हणतात.

रोज संध्याकाळी आता लेकीच्या हातात दप्तराऐवजी सापशिडी असते. सासूबाई, ती आणि मी. मी बहुतेक वेळा हरते. ह्यांचा फोन आला की स्पीकरवर ठेवून त्यांचा फासासुद्धा तीच टाकते, आणि त्यात थोडी लबाडी करते. हे सगळं साडेपाचच्या गाडीमुळे, आणि ती गाडी तुमच्यामुळे. म्हणून आभार.

एक मात्र स्पष्ट लिहायला हवं. वाचून घेणं आणि कागद गोळा करणं हे तुमचं काम नाही, त्याचा एक रुपया तुम्हाला मिळत नाही, आणि मी गोड शब्द लिहिले म्हणून त्याची भरपाई होत नाही. 'गावातली बाई आहे, करते आपलेपणानं' असं म्हणून आपल्याकडे खूप काम फुकटात करून घेतलं जातं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हे मी इतिवृत्तात लिहायला लावणार आहे, तुमच्या नावासकट. वरून काय उत्तर येईल ते येईल. सरांनाही सांगितलंय, मुलांची कागदपत्रं यापुढे पालकसभेत घ्यायची. तुम्ही फक्त निरोप द्यायचा, तोही जमला तर.

आणि हो, मानधनाच्या खात्याची केवायसी राहिलीय. फॉर्म मी भरून ठेवलाय, नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय. सोमवारी येताना मूळ आधार कार्ड आणि दोन फोटो आणा. मधल्या सुट्टीत पाठवून देऊ, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे अडकतील. मटकी रविवारी रात्री भिजत घालते म्हणालात ना? ती आणू नका, मी कराडहून घेऊन येते.

तुमची,
बाई