केंदाळ (जलपर्णी) काढणी : येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, पंचगंगा घाट

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, घाटालगत साचलेले केंदाळ काढण्यासाठी येत्या रविवारी आपण एकत्र जमणार आहोत. गमबूट, हातमोजे आणि दाताळे प्रत्येकाने स्वतःचे आणावे. पोहता न येणाऱ्यांनी काठावरूनच मदत करावी.

रोप मुळासकट ओढावे, कारण पाण्यात राहिलेल्या तुकड्यालाही धुमारे फुटतात आणि गाळातले बी कित्येक वर्षे टिकते. काढलेला ढीग पाण्यापासून दूर टाकावा. पानांवर दोन-तीन मिलिमीटरचे खरवडल्यासारखे ठिपके दिसल्यास तो भाग तसाच ठेवून आम्हाला दाखवावा. ती केंदाळावर जगणाऱ्या नियोचेटिना भुंगेऱ्यांची खूण असू शकते आणि ते भुंगेरे आपल्याच कामाचे आहेत.

तणनाशक मात्र कोणीही स्वतःच्या मनाने फवारू नये, ही कळकळीची विनंती. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली होती. शिवाय फवारलेले केंदाळ एकदम मरून पाण्यातच कुजले, तर विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरून मरतात. घाटाखाली जनावरे पाणी पितात, हेही ध्यानात ठेवावे.

येणाऱ्यांनी शनिवारी सायंकाळपर्यंत गटावर नाव कळवावे.