फ्लोरिडाची मतमोजणी: बाबांना पत्र

बोका रॅटन, फ्लोरिडा
१६ डिसेंबर २०००

ती. बाबांना आणि सौ. आईला,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "अगं, संपली का तुमच्याकडची मोजणी?" आणि मी तोंड उघडायच्या आत कॉलिंग कार्डातली मिनिटं संपली. तेव्हा मोजणी थांबली होती, संपली नव्हती. आता संपली. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक बुश जिंकले. हा सगळा तमाशा महिनाभर आमच्याच कौंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) चालला होता, आणि तुमची उभी हयात केंद्राध्यक्षाची ड्यूटी करण्यात गेलेली, म्हणून सगळं नीट लिहायचं ठरवलं. आईने कंटाळा आला तर शेवटचा कागद तेवढा वाचावा.

७ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही दोघं टीव्हीसमोर होतो. आम्हाला मत नाही, आम्ही व्हिसावरचे, पण उत्सुकता असतेच. आठ वाजायच्या आधीच टीव्हीवाल्यांनी फ्लोरिडा बुश यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गोर यांना देऊन टाकलं. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ तासभर मागे असतं, तिथली केंद्रं तेव्हा अजून उघडी होती! दहाच्या सुमारास दिलेलं परत घेतलं. रात्री सव्वादोनला बुश जिंकल्याचं जाहीर केलं. गोर यांनी बुशना फोन करून अभिनंदनही केलं आणि नॅशव्हिलमध्ये पावसात ताटकळलेल्या लोकांसमोर हार कबूल करायला निघाले. वाटेत त्यांच्या माणसांना कळलं की फरक भराभर कमी होतोय. मग पुन्हा फोन: मघाचं मागे घेतो. पहाटे चारला टीव्हीवाल्यांनीही मागे घेतलं. सकाळी ऑफिसात कोणाचाच डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

इथे राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जात नाही. प्रत्येक राज्याची मतं ठरलेली, आणि दोन राज्यं सोडली तर जो पहिला येईल त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी. फ्लोरिडाची पंचवीस. जिंकायला २७० लागतात आणि फ्लोरिडा सोडून दोघांपैकी कोणाचीच तेवढी होत नव्हती. देशभरात गोर यांना बुशपेक्षा पाच लाखांहून जास्त मतं मिळाली, त्यांचा उपयोग शून्य. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं तेव्हा ऑफिसातल्या मंडळींना मोठी मौज वाटली होती, एका मताने कुठे सरकार पडतं का म्हणून. या वेळी मी काही बोलले नाही. नुसती कॉफी ओतून घेतली.

सुरुवातीला फ्लोरिडात साठ लाख मतांत १,७८४ चा फरक होता. यंत्राने फेरमोजणी केली तर तो काहीशेवर आला. आणि मग सगळ्या जगाचे कॅमेरे आमच्या पाम बीच कौंटीकडे वळले, ते एका कागदामुळे.

तो कागद मला शेजारच्या आजींनी दाखवला. ऐंशीच्या पुढच्या, ब्रुकलिनहून निवृत्त होऊन इथे आलेल्या ज्यू बाई. त्यांच्याकडे निवडणुकीआधी टपालाने आलेला नमुना होता. बाबा, डोळ्यांपुढे आणा: वहीसारखी दोन उघडी पानं, आणि मधोमध छिद्रांची एकच उभी रांग. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, त्याखाली दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट ब्युकॅनन. पण छिद्रं मात्र दोन्ही पानांना मिळून एकच, त्यामुळे पहिलं छिद्र बुशचं, दुसरं ब्युकॅननचं आणि तिसरं गोरचं. दुसरं नाव म्हणून दुसऱ्या छिद्रात टोचलं की मत ब्युकॅननला! बाण काढलेले होते, नाही असं नाही. पण खोलीत उजेड बेताचा, मागे रांग, आणि हातात टोचा. आजी म्हणाल्या, "मी कुठे टोचलं ते मला खरंच सांगता येत नाही." हे त्या मला तीनदा सांगून झाल्या. त्यांना जास्त लागलंय ते असं की या वेळी गोर यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी जो लिबरमन होते, मोठ्या पक्षाने उभा केलेला पहिला ज्यू उमेदवार. आणि ब्युकॅनन म्हणजे हिटलरबद्दल काहीबाही लिहून ज्यूंचा रोष ओढवून घेतलेला माणूस. त्याला आमच्या कौंटीत ३,४०७ मतं पडली. ही बहुतेक माझी नसावीत, असं तो स्वतःच टीव्हीवर म्हणाला. शिवाय एकोणीस हजारांवर लोकांनी दोन छिद्रं टोचली, ती सगळी मतं बाद.

ह्यात कोणाचा कावा शोधू नका. हा कागद तयार करणाऱ्या कौंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर स्वतः गोर यांच्याच पक्षाच्या. उमेदवार दहा झाले, म्हाताऱ्या लोकांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं, मग एका पानावर मावेना, म्हणून दोन पानं. इतकं साधं आहे. मला तर त्या बाईंची कीव येते.

आता दुसरी भानगड. मतपत्रिका म्हणजे जाडसर कार्ड, त्यावर बारीक चौकोन आधीच अर्धवट कापलेले. टोच्याने दाबलं की चौकोन निसटून पडायला हवा. त्या तुकड्याला चॅड म्हणतात. पण यंत्रात आधीचा कचरा साचलेला असला, किंवा दाबणारा हात थरथरता असला, तर तो पुरता पडत नाही. एका कोपऱ्याला लोंबतो, दोन कोपऱ्यांना लोंबतो, किंवा नुसता फुगवटा येतो. मोजणी यंत्रातून उजेड आरपार गेला तरच मत, नाहीतर कोरं कार्ड. फुगलेल्याला इथे गरोदर चॅड म्हणतात. गंभीर चेहऱ्याचे वकील कोर्टात तासन् तास ह्यावर बोलत होते आणि मी घरात एकटी हसत होते.

बाबा, मला तुमच्या ओसरीवरची ती संध्याकाळ आठवली. मतमोजणीहून आल्यावर तुम्ही दादाला समजावत होता की आपला शिक्का असा वाकड्या बाणांचा का असतो: घडी घातल्यावर शाई पलीकडे उमटली तरी उलटा ठसा कोणता आणि खरा कोणता ते ओळखता यावं म्हणून. आणि शिक्का पुसट असला किंवा दोनदा मारला तरी, मतदाराला कोण हवा ते स्पष्ट दिसत असेल तर मत बाद करायचं नाही. गंमत अशी की फ्लोरिडाचा कायदाही तेच म्हणतो, मतदाराचा हेतू पाहा. पण तो कसा पाहायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. एका कौंटीत फुगवटा चालतो, दुसरीत चालत नाही, आमच्याकडे तर मोजता मोजता नियम बदलला.

कारण इथे निवडणूक आयोग नाही! म्हणजे आपल्यासारखा नाही. राज्यात सदुसष्ट कौंट्या, प्रत्येकीची मतपत्रिका वेगळी, यंत्र वेगळं. कुठे टोचायचं, कुठे पेन्सिलने गोल भरायचे. आणि ह्या सगळ्यांवर निकालाची सही करणारी कोण, तर राज्याची सेक्रेटरी कॅथरीन हॅरिस, जी बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराची सहअध्यक्ष होती. राज्याचे गव्हर्नर जेब बुश, म्हणजे उमेदवाराचे सख्खे भाऊ. शेषन यांनी हे पाहिलं असतं तर काय केलं असतं, ह्यावर आम्हा चार मराठी घरांची एक अख्खी जेवणाची पंगत गेली. इथले विनोदी कार्यक्रमवाले मात्र त्या बाईंच्या मेकअपमागे लागले. मला ते आवडलं नाही. त्यांचं दोन्हीकडे असणं हाच पुरेसा मोठा मुद्दा होता, तोंडाला काय फासलंय ह्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

आमच्या कौंटीची हातमोजणी वादळाच्या वेळी वापरतात त्या आपत्कालीन केंद्रात झाली. साडेचार लाखांवर कार्डं. टेबलाशी मोजणारे दोघे, दोन्ही पक्षांचे पाहणारे, आणि ज्यावर वाद होईल ते कार्ड तीन जणांच्या मंडळाकडे. त्यातले न्यायाधीश चार्ल्स बर्टन कार्ड दिव्यापुढे धरून पाहत. शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये दुसरे एक न्यायाधीश भिंग लावून, डोळे तिरळे करून पाहताना टिपले गेले. तो फोटो बहुधा सकाळमध्येही आला असेल. मायामीत मात्र वेगळाच प्रकार. २२ नोव्हेंबरला कोट-टाय घातलेल्या रिपब्लिकन, म्हणजे बुश यांच्या पक्षाच्या, कार्यकर्त्यांनी मोजणीच्या इमारतीत घुसून दारं बडवली, घोषणा दिल्या, आणि त्याच दिवशी मायामीने हातमोजणी सोडून दिली. आपल्याकडे असं झालं असतं तर इथल्या पेपरांनी काय काय लिहिलं असतं, ते सांगायला नको.

मुदत २६ तारखेच्या संध्याकाळी पाचची. आमच्या लोकांनी मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी घेतली आणि दोनएक तास उशीर झाला. हॅरिसबाईंनी आकडे घेतले नाहीत. जाहीर झालं: बुश ५३७ मतांनी पुढे. मग सगळी कार्डं भाड्याच्या पिवळ्या ट्रकमध्ये भरून टॅलाहासीच्या कोर्टाकडे निघाली आणि वर हेलिकॉप्टरमधून टीव्हीवाले त्या ट्रकचं थेट प्रक्षेपण करत होते. तासन् तास नुसता ट्रक! आणि मी तो पाहिला, बाबा.

५३७ म्हटल्यावर जो तो आपापलं कारण सांगतो. राल्फ नेडर या आणखी एका उमेदवाराने इथे सत्याण्णव हजार मतं खाल्ली, हे एक. मायामीतले क्यूबन लोक एलियानमुळे चिडलेले, हे दुसरं. (आई, तो छोटा मुलगा गं, समुद्रात आई बुडाली आणि तो टायर-ट्यूबवर तरंगत सापडला. एप्रिलमध्ये सरकारी शिपायांनी बंदुका घेऊन त्याला नातेवाइकांच्या घरातून उचललं आणि वडिलांकडे दिलं. तो आता क्यूबात आहे.) तिसरं, राष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या त्या लेविन्स्की प्रकरणापायी गोर त्यांना प्रचारात जवळ करायलाच तयार नव्हते. पण मला विचाराल तर जॅक्सनव्हिलचं ऐका. तिथे उमेदवारांची यादी दोन पानांवर पसरली होती, आणि आधी वाटलेल्या नमुन्यात लिहिलं होतं, प्रत्येक पानावर मत द्या. लोकांनी दिलं. वीस हजारांहून जास्त मतं बाद, त्यात काळ्या वस्त्यांतली फार. त्यांच्याकडे कॅमेरे फारसे गेले नाहीत आणि गोर यांच्या वकिलांनीही त्यांच्यासाठी काही मागितलं नाही. आमच्या ऑफिसच्या इमारतीत सुरक्षेला बसणारे काळे गृहस्थ एवढंच म्हणाले की आमच्या आईबापांना मत द्यायला मार खावा लागला होता.

शेवट कोर्टात. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन असा निकाल दिला: यंत्राने कोरी ठरवलेली सगळी कार्डं राज्यभर हाताने मोजा. शनिवारी मोजायला बसले, आणि दुपारी वॉशिंग्टनहून, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून, पाच विरुद्ध चार अशी स्थगिती. मंगळवारी रात्री दहाला अंतिम निकाल आला. वार्ताहर कडाक्याच्या थंडीत कोर्टाच्या पायऱ्या उतरून धावत आले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून पानं उलटत होते, कोण जिंकलं हे अर्धा तास कोणालाच कळेना. निकाल असा की प्रत्येक कौंटी वेगळ्या मापाने मोजते, हा समानतेचा भंग. आणि एकच माप ठरवायला आता वेळ उरला नाही, कारण मुदत १२ डिसेंबरची. म्हणजे त्याच रात्रीची! पुन्हा पाच विरुद्ध चार. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलंय की जिंकलं कोण हे कदाचित कधीच नक्की कळणार नाही, पण हरलं कोण ते स्वच्छ दिसतंय: न्यायाधीश निःपक्षपाती असतो हा देशाचा विश्वास. आणि ह्यांना नेमलं होतं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनीच.

मला तो निकाल पटलेला नाही. माप वेगळं म्हणून मोजायचंच नाही, हे कुठलं माप? पण बुधवारी रात्री गोर टीव्हीवर आले, म्हणाले की बुशना फोन केला आणि या वेळी परत फोन करून मागे घेणार नाही असं वचन दिलं. निकाल मान्य नाही पण तो पाळीन, असंही सांगितलं. आठवड्याभरापूर्वी रस्त्यावर त्यांच्या नावाने "रडके" म्हणणारे फलक होते, ते गुरुवारी सकाळी गायब. ना दंगल, ना बंद. शेजारच्या आजी मात्र अजून आतून धुमसतायत. पुढच्या वेळी पोस्टाने मत देणार म्हणाल्या, घरच्या टेबलावर, चष्मा लावून.

आता घरचं. ह्यांची कंपनी अजून उभी आहे. मार्चमध्ये नॅसडॅक पाच हजारांवर गेला होता तो आता जवळजवळ निम्म्यावर आलाय, त्यामुळे शेअर्सच्या कागदावर आपण किती श्रीमंत झालो हे बोलणं आमच्याकडे बंद आहे. दादाच्या मित्राला सांगा, व्हिसाचा कोटा ऑक्टोबरमध्ये १,९५,००० केलाय हे खरं, पण इथे कंपन्या भरती आवरतायत. पुण्यातली नोकरी सोडून दलालाला पैसे देऊ नकोस म्हणावं. आई, तुझा गुडघा डॉक्टरांना दाखवलास का, ते दादाच्या ईमेलमधून नव्हे, तुझ्या हाताने लिहून कळव.

आणि बाबा, एक राहिलं. आपल्याकडे आता मतदानाची यंत्रं येतायत, गेल्या लोकसभेला काही ठिकाणी आलीही. तुम्ही म्हणत होता की पेट्या वाहायचा त्रास वाचेल. पण वाद झाला तर भिंग लावून पाहायला हातात कागद नसणार. तुमचं काय म्हणणं आहे ते सविस्तर लिहा, आणि तुमच्या बरोबरच्या मास्तरांनाही विचारा.

तुमची,
मंजू