चष्मेवाल्या काकांना आमच्या पाचवीकडून मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. दुकानात सतत गिऱ्हाईक असतं, तिथे नीट बोलणं होत नाही, म्हणून इथेच लिहितेय. सदाशिव पेठेतले बरेच जण वाचतील, वाचू देत.

डोळ्यातून काहीतरी निघून वस्तूला लागतं म्हणून ती दिसते, असं वर्गातल्या कितीतरी मुलांना वाटत होतं. जुन्या ग्रीक विद्वानांपैकी काहींना पण तसंच वाटायचं, हजारेक वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने मांडलं की वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो. पण हे फळ्यावर लिहून कोणाला पटत नाही हो, हातात काहीतरी लागतं.

ते तुम्ही आमच्या वर्गात येऊन दिलंत. उरलेल्या प्लस नंबरच्या काचा, त्यापण कडा मशीनवर घासून, मुलांचे हात कापू नयेत म्हणून. आणि पहिलं वाक्य काय, तर यातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही.

मग ट्यूबलाइट बंद करून खिडकीसमोर काच धरली, मागे कोरा कागद मागेपुढे केला, आणि एकदम समोरचा गुलमोहर कागदावर उमटला, रंगासकट, डोकं खाली! पीएमपीची बस गेली तर चाकं वर. पोरं इतकी ओरडली की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. तुम्ही सांगितलेला हिशोब तर फारच भारी, १०० ला काचेच्या नंबरने भागायचं की कागद किती सेंटिमीटरवर धरायचा ते कळतं. प्लस ५ ची काच, पट्टीने मोजलं, २० च्या आसपासच.

मग एकाने स्वतःचा मायनसचा चष्मा काढून धरला, तर कागदावर काहीच येईना. तेव्हा तुम्ही त्याच्याशेजारी बाकावर बसून समजावलंत, की त्याच्या डोळ्यात लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि ही काच ते मागे ढकलून बरोबर पडद्यावर नेते. आता तो सगळ्यांना हेच समजावत फिरतो आणि चष्मा दिवसभर नाकावर असतो, आधी दप्तरात असायचा. मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला.

दुकान बंद ठेवून आलात आणि पैशांचा विषयसुद्धा काढू दिला नाहीत. खूप खूप आभार काका. आता मुलं विचारतायत की डोळ्यातलं चित्र पण उलटंच पडतं तर आपल्याला सगळं सुलट कसं दिसतं. मेंदू ते सांभाळून घेतो एवढं मी सांगितलंय, पण त्यांना तुमच्याकडूनच ऐकायचंय, तर एखाद्या शनिवारी सकाळी जमेल का?