कस्टम 24 गिटार माझ्या हाती देणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही दोन मिनिटांत कापसाच्या भावावर गेला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

दिवाळीत तुम्ही पुण्याहून गावी आलात आणि पॉल रीड स्मिथ कंपनीची कस्टम 24 केसमधून काढून सरळ माझ्या मांडीवर ठेवलीत. "घे ना बे, वाजव," एवढंच म्हणालात. आमच्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, माझ्या बाहीला बोंडाचा कचरा चिकटलेला. त्या चकचकीत मेपलला ओरखडा गेला असता म्हणजे? मी तर श्वास धरूनच बसलो होतो.

ॲम्प सुरू केला आणि काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, वायर नीट लागली नाही. माझ्या गिटारीला तीन सिंगल कॉइल, म्हणजे तारेचा आवाज पकडणारे एकेका वेढ्याचे पिकअप, त्यात तेव्हा घराला अर्थिंग नव्हतं. ॲम्प लावला की आधी घरघर, मग गाणं. तुमच्या गिटारीत हंबकर पिकअप. दोन कॉइल, वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकंही उलटी. त्यामुळे बाहेरून आलेली घरघर आपसात फिटते आणि तारेचा आवाज मात्र एकत्र येऊन वाढतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये 1955 साली केलेली ही करामत मी वाचली होती. पण आपल्या गावच्या लाइनवर ती ऐकणं वेगळं.

मग मान. पंचवीस इंची स्केल (तारेची वाजती लांबी), म्हणजे फेंडरच्या साडेपंचवीसपेक्षा थोडी आखूड, म्हणून तार बोटाला मऊ लागते. फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडेवरून हात वरखाली फिरवला, कुठंच टोचलं नाही. तार पूर्ण स्वरभर ओढली, सोडली, पुन्हा ओढली. सूर जागच्या जागी. व्हॉल्यूम अर्ध्यावर आणला तरी आवाज मातीत गेला नाही.

वाजवणं मात्र माझं होतं तेवढंच राहिलं! उलट माझ्या गिटारीच्या घरघरीत जे झाकून जायचं, ते सगळं तुमच्या गिटारीनं चारचौघांत सांगितलं. महागडं वाद्य भिडस्त नसतं, हे मला पटलं.

पण खरे आभार दुसऱ्या दिवसाचे. तुम्ही माझी गिटार मागितलीत. मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई) पाव फेरा फिरवला, तारांखालचे सॅडल खाली घेतले, मानेच्या टोकाच्या नटच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं. मग अंगणात खड्डा खणायला लावला, कोळसा-मीठ भरून पाइप गाडला आणि वायरमनला बोलावून तीन पिनांचा बोर्ड बसवून घेतला. आजीला वाटलं, पोट्टे तुळस लावून राहिले. आता घरघर उरली आहे थोडी, सिंगल कॉइलला तेवढी असायचीच. पण माइकला ओठ लागला की करंट लागायचा, तो बंद झाला. शारदोत्सवाच्या तालमी आमच्याच घरी होतात, त्यामुळे गाणारी पोरं तुम्हाला माझ्याहून जास्त दुवा देतात.

पुढच्या खेपेला याल तेव्हा फ्रेटच्या कडा घासायची ती बारीक कानस घेऊन या. दारव्ह्याच्या पोराचीही गिटार आहे, तिची मान वाकली आहे.

तुमचाच,
ओसरीवरचा गिटारवाला