काडतुसाची लांबी: मंद्याला पत्र

कोलंबस, ओहायो

प्रिय मंद्या,

स. न. वि. वि.

फोटो पाहिला. घरी काडतुसं भरायचा प्रेस झकास बसवलायस, पण टेबल भिंतीला पक्कं कर. हँडल ओढताना ते डुगडुगलं तर गोळी दर वेळी वेगळ्या खोलीवर बसेल.

‘९ एमएम काडतुसाची लांबी किती ठेवू, एकच आकडा सांग,’ असं लिहिलंयस. रेंजवरचा तुझा दोस्त १.१५० इंच म्हणतो. त्याचं बरोबरच असेल, पण तो आकडा त्याच्या बॅरलचा आणि त्याच्या गोळीचा. काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था सामी, तिची १.१६९ ही कमाल मर्यादा झाली. तिथवर पोचलंच पाहिजे असं काही नाही.

आपण मोजतो बुडापासून टोकापर्यंत, पण बॅरलला टोकाशी काही देणंघेणं नाही. गोळी पूर्ण जाडीवरून जिथे निमुळती व्हायला लागते, तो खांदा रायफलिंगला, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना, कुठे भिडतो यावर सगळं अवलंबून. राउंड नोजचं, म्हणजे गोल टोकाच्या गोळीचं, नाक लांब, म्हणून ती १.१५० ला बसून जाते. तेवढ्याच वजनाच्या आखूड नाकाच्या हॉलो पॉइंटचा (टोकाला खळगा असलेल्या गोळीचा) खांदा त्याच लांबीला बराच पुढे येतो. त्यात तुझं सीझेड ७५ पिस्तूल! त्याचं रायफलिंग चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपताच सुरू होतं. ग्लॉकमध्ये निमूट जाणारं काडतूस त्यात खुशाल अडकतं.

तेव्हा आकडा बॅरललाच विचार. पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघ आणि बॅरल काढून घे. साइझ केलेल्या (पुन्हा मूळ मापाला दाबलेल्या) पुंगळीत, प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) नाही, पावडर नाही, गोळी मुद्दाम लांब बसव आणि तोंडाचा फुगारा क्रिंपने, म्हणजे काठ आत दाबून, नीट घालव. ही झाली डमी. मग चेंबर वर धरून ते आत सोड. ‘टक्’ वाजलं पाहिजे, बोटाने गरगर फिरलं पाहिजे, बॅरल उलटी केली की आपोआप खाली पडलं पाहिजे. अडलं तर मार्करने काळं करून पुन्हा घाल आणि फिरव. गोळीवर ओरखडे उठले तर रायफलिंग लागतंय, म्हणजे गोळी आणखी आत घ्यायची. पुंगळीच्या काठावरची शाई गेली तर लांबीचा दोष नाही, क्रिंप कमी पडलाय. हे न बघता नुसती लांबी कमी करत बसणारे कितीतरी आहेत. मोकळं फिरायला लागलं की तिथून आणखी ०.०१५ इंच कमी कर, मग मॅगझिनमध्ये मावतं का आणि सरळ वर चढतं का ते बघ. फार आखूड झालं तर नाक खाली घालून रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर, आपटतं.

पण आखूड करण्याची खरी भीती वेगळीच. ९ एमएमची पुंगळी मुळात इवलीशी, गोळी थोडी आत गेली तरी पावडरची जागा घटते आणि दाब झपकन चढतो. गोळ्या बनवणाऱ्या स्पीअर कंपनीवाल्यांनी छापलेलं उदाहरण आहे: गोळी ०.०३० इंच जास्त आत बसवली आणि दाब २८,००० सीयूपी (दाबाचं एक माप) वरून ६२,००० वर गेला. म्हणून तुझी लांबी मॅन्युअलमधल्या लांबीपेक्षा कमी निघाली तर त्यातल्या सुरुवातीच्या लोडच्या (पावडरच्या मापाच्या) वर पाऊल टाकू नकोस. मी तर त्याहून थोडं खालूनच सुरू करतो. तयार डमीचं नाक टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबून पुन्हा मोज. लांबी घटली तर पुंगळीची पकड सैल आहे, आणि रॅम्पवर आपटल्यावर हेच होणार.

इंचाच्या दोन-चार हजारांशांचा फरक येतच राहील, कॅलिपर घेऊन रात्र जागवू नकोस. सीटिंग स्टेम (गोळी आत दाबणारा दांडा) गोळीला धरतो एका जागी आणि आपण मोजतो दुसऱ्या, शिवाय गोळ्यांची नाकं तंतोतंत सारखी नसतात.

आणि पुण्याला भाच्याला फोटो पाठवून हौस लावू नकोस. तिकडे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

गोळीचं वजन, कंपनी आणि डमीची लांबी कळव, मग पावडरचं बोलू.

तुझा,
सुहास