सहा एअरबॅग, वर जाड कव्हर

चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. आता सहा एअरबॅग हा विक्रीचा मुद्दा आहे. पण नवी गाडी शोरूममधून निघते ती थेट सीट कव्हरच्या दुकानात! बाजूची एअरबॅग बहुतेक गाड्यांत सीटच्या पाठीच्या कडेत असते आणि तिथली शिवण फाडून बाहेर येते. वर जाड, अखंड शिवलेले कव्हर असले की ती उशिरा किंवा भलतीकडे फुगू शकते. त्या जागी मोकळी खाच किंवा सहज उसवणारी शिवण असलेलेच कव्हर घ्यावे. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती चिकटवू नये. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो पेटलेलाच राहिला तर सीटखालचा कनेक्टर (वायरचा जोड) किंवा स्टिअरिंगमधील क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरतानाही एअरबॅगचा वीजजोड कायम ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) तपासून घ्यावी.

– एक वाचक, पुणे