आखिरतीच्या तयारीची वही

संपादक महोदय,

मय्यतीला जाऊन आल्यावर चार दिवस 'दुनिया फानी (नाशवंत) आहे' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. पाचव्या दिवशी घरात कुजबुज सुरू होते. अब्बांनी कुणाकडून किती घेतलं होतं? कपाटातले ते दागिने आपले की कुणी सांभाळायला दिलेले? अम्मीच्या मेहेरची, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला द्यायची ठरलेली, रक्कम दिली होती का? कुणालाच नक्की ठाऊक नसतं. आखिरतीवर, म्हणजे मरणानंतरच्या जीवनावर, प्रवचनं पुष्कळ होतात, पण तिथे ज्याचा जाब द्यायचा आहे त्या देण्याघेण्याची वही फार थोड्या घरांत सापडते.

इस्लामने संपत्तीला वाईट म्हटलेलं नाही. कुरआनच्या सूरह (अध्याय) कससमध्ये (२८:७७) अल्लाहने दिलेल्यातून आखिरतीचं घर मिळवायला सांगितलं आहे, आणि त्याच आयतीत (वचनात) दुनियेतला आपला वाटा विसरू नका असंही बजावलं आहे. हरकत आहे ती चढाओढीला. सूरह तकासुर अवघ्या ८ आयतींची. जास्तीत जास्त मिळवण्याच्या नादात माणसं गाफील राहतात आणि थेट कबरीपाशी पोचतात, हे ती सुरुवातीलाच सांगते. तिरमिजी या संग्रहातल्या हदीसप्रमाणे (पैगंबरांच्या वचनाप्रमाणे) कयामतच्या (अंतिम न्यायाच्या) दिवशी आयुष्याबद्दल, इल्मबद्दल (ज्ञानाबद्दल), शरीराबद्दल एकेक प्रश्न होईल. संपत्तीबद्दल मात्र दोन होतील, कुठून कमावली आणि कुठे खर्च केली.

दानाची हौस असलेली माणसंही देणी विसरतात, आणि माझ्या मते खरी चूक इथेच होते. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून कशाला किती जायचं याचा क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफनाचा बेताचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (मृत्युपत्राने दिलेलं), आणि उरेल ते वारसांचं. सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतीत वाटे सांगताना वसीयत आणि कर्ज वजा करण्याची अट पुन्हा पुन्हा येते. तिथे वसीयतीचा उल्लेख आधी आहे म्हणून काहींचा गोंधळ होतो, पण पैगंबरांनी (सल्ल.) कर्ज आधी फेडण्याचा निर्णय दिला होता, आणि यावर सगळे फकीह (शरियतचे जाणकार) एकमत आहेत.

हिशोब करून पाहू. समजा एका पुरुषाच्या मागे राहिलेली मालमत्ता १०० भाग आहे. कफन-दफनाला २ गेले, सगळी देणी मिळून २६ निघाली. राहिले ७२. वसीयतीला जास्तीत जास्त तिसरा हिस्सा मिळतो, पण तो या ७२ चा, म्हणजे २४. आता वारसांसाठी ४८ उरले. आई-वडील हयात नाहीत. पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा ६, मुलाला २१ आणि मुलींना प्रत्येकी साडेदहा. कुणी १०० चा तिसरा हिस्सा काढून ३३ भाग दान केले, तर वरचे ९ भाग वारसांच्या खिशातून गेले. ते दान मय्यतीचं (गेलेल्या माणसाचं) नव्हे.

त्या २६ भागांच्या देण्यांत मेहेरची न दिलेली रक्कमही धरायची असते. ते पत्नीचं कर्ज आहे. ते तिला आधी मिळालं पाहिजे, आणि वारस म्हणून आठवा हिस्सा त्याखेरीज वेगळा. जनाजा उचलण्याआधी रडणाऱ्या विधवेला चार बायका घेरतात आणि 'माफ केलं म्हण' असं वदवून घेतात. कुरआनने (४:४) मेहेर सोडायला स्त्रीची राजीखुशी लागते असं म्हटलं आहे. त्या घटकेला कसली राजीखुशी?

कर्जाचं गांभीर्य किती? दोन-तीन दीनारांचं कर्ज मागे ठेवून गेलेल्या माणसाची जनाजाची नमाज पढवायला पैगंबरांनी (सल्ल.) नकार दिला होता. पैगंबरांचे सहकारी अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज अंगावर घेतलं तेव्हाच नमाज झाली. शहीदालाही सगळं माफ होतं, कर्ज सोडून. कुरआनातली सर्वांत लांब आयत (२:२८२) नमाज-रोजाबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे.

वसीयतीच्या दोन अटी बहुतेकांना ऐकून माहीत असतात, तरी पाळल्या जात नाहीत. तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा पैगंबरांचे सहकारी साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आजारपणात ठरली. त्यांना दोन तृतीयांश माल दान करायचा होता, मग निम्मा. अखेर पैगंबरांनी (सल्ल.) तिसरा हिस्सा मान्य केला, तोही 'पुष्कळ आहे' असं म्हणून. दुसरी अट अशी की वारसाच्या नावे वसीयत होत नाही. बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर राजीखुशीने मान्य केली तर गोष्ट वेगळी. तरीही आवडत्या मुलाला घर देण्यासाठी वसीयत लिहिली जाते. ती जमत नाही म्हटल्यावर शेवटच्या दुखण्यात बक्षीस करून दिलं जातं. शरियत त्या बक्षिसालाही वसीयतीचेच नियम लावते. मुलींना तर 'भावांसाठी हक्क सोडा' असं कौतुकाने सांगतात. त्यांचा हिस्सा अल्लाहने ठरवला आहे. तो आधी त्यांच्या हातात द्यावा, मग त्यांना काय करायचं ते त्या करतील.

आणखी एक चूक चांगल्या हेतूने होते. वाटणी होण्याआधीच मय्यतीच्या सवाबासाठी (पुण्यासाठी) त्याच पैशातून जेवणं घातली जातात. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्या ताटांत यतीमचा (अनाथाचा) माल असतो, आणि तो खाणाऱ्यांबद्दल सूरह निसाच्या १० व्या आयतीत 'पोटात आग भरतात' इतके कडक शब्द आहेत. जाणत्या, सज्ञान वारसाने आपल्या खिशातून खर्च करावा.

जकातीची, म्हणजे संपत्तीतून दर वर्षी द्यायच्या बंधनकारक दानाची, चूक हळूहळू साचत जाते. निसाब (जकात लागू होण्याइतकी किमान संपत्ती) ज्या दिवशी पूर्ण झाला ती चांद्र तारीख आपली जकातीची तारीख; ती रमजानातच येईल असं नाही. चांद्र वर्ष लहान असल्याने इंग्रजी वर्षाने अडीच टक्के देणाऱ्याचं दर वर्षी सुमारे ११ दिवसांचं देणं मागे राहतं, आणि ३३ वर्षांत एक अख्खी जकात बुडते. इंग्रजी तारीखच सोयीची असेल तर २.५ ऐवजी सुमारे २.५८ टक्के धरतात.

म्हणून एक साधी वही करावी. पहिल्या पानावर द्यायची देणी लिहावी: कुणाला, किती, कधीपासून, साक्षीदार कोण. मेहेरही इथेच. दुसऱ्या पानावर येणं. तिसऱ्यावर अमानती (आपल्याकडे सांभाळायला दिलेल्या वस्तू), वस्तूच्या खुणेसकट. 'पिवळी पिशवी, दोन बांगड्या' इतकं स्पष्ट. पुढे जकातीची तारीख आणि राहिलेली जकात, सुटलेले रोजे, शेवटी दोन साक्षीदारांच्या सहीने वसीयत. राहिलेली जकात वसीयत नसतानाही मालमत्तेतून काढायची का, यावर हनफी आणि शाफई या शरियतच्या दोन परंपरांची मतं वेगळी आहेत, त्यामुळे तो उल्लेख वसीयतीत केलेला बरा. जवळ काही असलेल्या मुसलमानाने वसीयत लिहिल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, असं इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे.

वही कुठे आहे हे घरातल्या एकाला आणि बाहेरच्या एका विश्वासू माणसाला माहीत असावं. दर वर्षी जकातीच्या तारखेला ती उघडावी. फेडलेल्या नोंदीवर रेघ मारून घेणाऱ्याची सही घ्यावी, नाहीतर वारस तेच कर्ज पुन्हा फेडत बसतात.

— एक वाचक